फायरवॉलची सूत्रे कोणत्या संगणकाच्या हाती?

कार्यालयातील संगणकांचे जाळे आणि इंटरनेट यांच्या सीमेवर फायरवॉल बसवली की सुरक्षेची चिंता मिटली, असा समज सर्वत्र आढळतो. मात्र या फायरवॉलला आदेश कोणत्या संगणकावरून द्यायचे, याचा विचार क्वचितच होतो. पहारेकऱ्याला हुकूम देण्याचा अधिकार कोणालाही असेल, तर पहाऱ्याला अर्थ उरत नाही.

पूर्वी फायरवॉलला द्यायची प्रत्येक आज्ञा टंकित करावी लागे. पुढे उत्पादकांनी ग्राफिकल इंटरफेस, म्हणजे चित्रमय व्यवस्थापन पडदा, उपलब्ध करून दिला. सिस्को कंपनीने २००५ मध्ये बाजारात आणलेल्या ‘एएसए’ मालिकेसाठी ‘एएसडीएम’ हा असाच इंटरफेस आहे. फायरवॉलमध्ये एक लहानसा वेब सर्व्हर असतो आणि व्यवस्थापकाचा संगणक त्याच्याशी संपर्क साधतो.

तीन पायऱ्या

पहिली पायरी म्हणजे ‘एचटीटीपी सर्व्हर एनेबल’ ही आज्ञा. नावात एचटीटीपी असले तरी प्रत्यक्ष संवाद एचटीटीपीएसद्वारे, म्हणजे सांकेतिक स्वरूपातच होतो. त्यासाठी एरवी ४४३ क्रमांकाचे पोर्ट वापरले जाते.

दुसरी पायरी सर्वांत महत्त्वाची. ‘एचटीटीपी’ या शब्दापुढे संगणकाचा आयपी पत्ता, नेटमास्क आणि फायरवॉलच्या बाजूचे नाव द्यावे लागते. उदाहरणार्थ, १९२.१६८.१.१०, २५५.२५५.२५५.२५५ आणि ‘इनसाइड’ असे लिहिल्यास आतील बाजूच्या त्या एकाच संगणकाला प्रवेश मिळतो. पत्ता १९२.१६८.१.० आणि मास्क २५५.२५५.२५५.० दिल्यास त्या विभागातील प्रत्येक संगणकाला दार उघडे होते. पत्ता व मास्क दोन्ही शून्य ठेवून ‘आउटसाइड’ लिहिले, तर हा पडदा साऱ्या जगापुढे येतो. घरून काम करण्याच्या सोयीसाठी केलेली ही तडजोड महागात पडू शकते. दूरवरून काम करायचेच असेल, तर आधी व्हीपीएनद्वारे आत यावे.

तिसरी पायरी ओळख पटविण्याची. ‘एएए ऑथेंटिकेशन एचटीटीपी कन्सोल लोकल’ या आज्ञेनंतर फायरवॉलवर नोंदलेले नाव व पासवर्ड विचारला जातो. प्रत्येक व्यवस्थापकाचे खाते स्वतंत्र असावे, म्हणजे कोणता बदल कोणी केला हे नोंदींवरून कळते. अखेरीस ‘राइट मेमरी’ ही आज्ञा द्यावी. अन्यथा यंत्र पुन्हा सुरू होताच बदल नाहीसे होतात.

निवडलेल्या संगणकाचा पत्ता कायम असावा. डीएचसीपीने तो बदलला, तर व्यवस्थापकच बाहेर राहतो आणि जुना पत्ता दुसऱ्याला मिळू शकतो. अशा वेळी कन्सोल केबल जोडून आज्ञा देण्याचा मार्ग उरतो. केवळ पत्त्यावर विसंबणेही पुरेसे नाही, कारण तोच पत्ता दुसरा संगणकही धारण करू शकतो. म्हणून या संगणकावर ई-मेल वा इतर संकेतस्थळे पाहू नयेत, हे उत्तम.

धोका किती खरा?

ऑक्टोबर २०२२ मध्ये फोर्टिनेटच्या आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये पालो आल्टो नेटवर्क्सच्या फायरवॉलमधील गंभीर त्रुटी उघड झाल्या. दोन्ही वेळा व्यवस्थापन इंटरफेसपर्यंत पोहोचू शकणाऱ्याला पासवर्डविना व्यवस्थापकाचे अधिकार मिळू शकत होते. अशा वेळी पासवर्ड कितीही कठीण असला तरी उपयोग नसतो. मोजक्या पत्त्यांची यादीच आडवी येते. अमेरिकेच्या ‘सीसा’ या सायबर सुरक्षा संस्थेने १३ जून २०२३ रोजी केंद्रीय नागरी खात्यांना आदेश दिला, की इंटरनेटवर उघडे आढळलेले असे इंटरफेस १४ दिवसांत बंद करावेत किंवा त्यांच्यापुढे स्वतंत्र प्रवेश-नियंत्रण उभारावे. भारतात ‘सर्ट-इन’च्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार संगणकीय प्रणालींच्या नोंदी १८० दिवस जपणे आणि सायबर घटना सहा तासांत कळविणे बंधनकारक आहे.

प्रवेशाची यादी ‘शो रनिंग-कॉन्फिग एचटीटीपी’ या आज्ञेने क्षणात दिसते. ती ठरावीक काळाने तपासावी आणि ज्या पत्त्याचे कारण कोणाला सांगता येत नाही, तो वगळावा.