गर्भजल गळती

गर्भजल गळती म्हणजे प्रसूतिकळा सुरू होण्यापूर्वीच गर्भाभोवतालच्या पिशवीला छिद्र पडून किंवा ती फाटून आतील द्रव योनिमार्गे बाहेर येणे होय. बोलीभाषेत यास 'पाणमोट फुटणे', 'पिशवी फुटणे' किंवा 'पाणी जाणे' असे म्हणतात. गर्भावस्थेचे ३७ आठवडे पूर्ण झाल्यानंतर अशी गळती झाल्यास ती मुदतीची, तर त्यापूर्वी झाल्यास मुदतपूर्व गळती मानली जाते. मुदतीची गळती सुमारे ८ टक्के, तर मुदतपूर्व गळती सुमारे २ ते ३ टक्के गर्भारपणांत आढळते. स्राव थोडा असल्यास तो गर्भजल आहे, मूत्र आहे की योनिस्राव, हे घरी खात्रीने ठरवता येत नाही. त्यामुळे केवळ संशय आला तरी त्याच दिवशी रुग्णालयात तपासणी करणे आवश्यक असते.

गर्भजल

गर्भ ज्या पिशवीत वाढतो ती ॲम्निऑन आणि कोरिऑन या दोन पातळ पटलांची बनलेली असते. तिच्यातील द्रव गर्भाला धक्क्यांपासून वाचवतो, हालचालीस जागा देतो आणि फुप्फुसांच्या वाढीस मदत करतो. गर्भावस्थेच्या उत्तरार्धात हा द्रव मुख्यतः गर्भाच्या मूत्रापासून तयार होतो. सुमारे ३४व्या आठवड्यात त्याचे प्रमाण साधारण ८०० मिलिलिटर असते व त्यानंतर ते कमी होत जाते. पिशवी अखंड असेपर्यंत योनिमार्गातील जंतूंना गर्भापर्यंत पोहोचण्यास अडथळा राहतो.

कारणे

बऱ्याच वेळा निश्चित कारण सापडत नाही. जननमार्गाचा जंतुसंसर्ग, पूर्वीच्या गर्भारपणातील मुदतपूर्व गळती, गर्भाशयमुखाची लांबी कमी असणे, जुळी गर्भधारणा, गर्भजलाचे अतिरिक्त प्रमाण, गर्भावस्थेतील रक्तस्राव, धूम्रपान आणि मातेचे कमी वजन हे जोखमीचे घटक आहेत. सुईने गर्भजल काढून केलेल्या तपासणीनंतरही क्वचित गळती होते. ती बहुधा आपोआप थांबते. आपोआप फुटलेली पिशवी मात्र क्वचितच पूर्ववत होते. केवळ विश्रांतीने किंवा जास्त पाणी पिण्याने छिद्र बुजत नाही.

लक्षणे

काही स्त्रियांमध्ये एकदम भरपूर पाणी जाते, तर काहींमध्ये ते थेंबाथेंबाने झिरपत राहते व कपडे वारंवार ओलसर होतात. गर्भजल पाण्यासारखे किंवा फिकट पिवळसर असते. त्यास लघवीसारखा वास नसतो. खोकताना वा शिंकताना थोडी लघवी होणे गर्भारपणात सामान्य आहे. योनिस्राव पांढरट व दाटसर असतो, तर प्रसूतीपूर्वी गर्भाशयमुखातून पडणारा चिकट स्राव बुळबुळीत असून त्यात रक्ताचा अंश असू शकतो.

मराठीत 'अंगावरून जाणे' हा शब्दप्रयोग श्वेतप्रदरासाठीही वापरला जातो. त्यामुळे रुग्णेने नुसते 'अंगावरून जाते' असे सांगितल्यास गळतीची शंका दुर्लक्षित राहू शकते. स्राव केव्हा सुरू झाला, त्याचा रंग व वास कसा आहे, किती कपडे भिजले आणि गर्भाची हालचाल जाणवते का, ही माहिती डॉक्टरांना उपयोगी पडते. रुग्णालयात जाईपर्यंत स्वच्छ पॅड वापरावे. योनिमार्गात काहीही घालू नये व शरीरसंबंध टाळावेत.

पुढील लक्षणे असल्यास तातडीने रुग्णालय गाठावे लागते:
• हिरवट किंवा तपकिरी पाणी, जे गर्भाने पोटात शौच केल्याचे सूचक असते
• ताप, दुर्गंधी किंवा पोटात दुखणे
• रक्तस्राव
• गर्भाची हालचाल मंदावणे
• योनिमार्गात नाळ आल्याचे जाणवणे
• ३७ आठवड्यांपूर्वी पाणी जाणे

निदान

डॉक्टर निर्जंतुक स्पेक्युलमने योनिमार्ग पाहतात. तेथे द्रव साठलेला किंवा गर्भाशयमुखातून येताना दिसल्यास निदान होते. संसर्ग टाळण्यासाठी कळा नसताना बोटांनी आतून तपासणे शक्यतो टाळले जाते. योनिमार्ग आम्लधर्मी, तर गर्भजल किंचित अल्कधर्मी असल्याने नायट्राझिन कागद गर्भजलाने निळा होतो. परंतु रक्त, वीर्य वा संसर्गामुळेही तो निळा होऊ शकतो. काचपट्टीवर वाळवलेले गर्भजल सूक्ष्मदर्शकाखाली नेच्याच्या पानासारखी नक्षी दाखवते. काही ठिकाणी गर्भजलातील विशिष्ट प्रथिने ओळखणारे संचही वापरले जातात. सोनोग्राफीत गर्भजल कमी दिसल्यास संशयाला बळकटी मिळते, मात्र ते पुरेसे दिसल्याने गळतीची शक्यता पूर्णतः नाकारता येत नाही.

गुंतागुंत

गर्भाशयातील जंतुसंसर्ग, नाळ बाहेर येणे, वार वेळेआधी सुटणे आणि मुदतपूर्व प्रसूती या प्रमुख गुंतागुंती होत. गळती २४ आठवड्यांपूर्वी झाल्यास गर्भाच्या फुप्फुसांची वाढ खुंटण्याचा धोका असतो. मुदतीच्या गळतीत बहुतेक स्त्रियांना २४ तासांत कळा सुरू होतात; त्यापुढे विलंब वाढेल तसा संसर्गाचा धोका वाढतो.

उपचार

मुदतीच्या गळतीत औषधाने कळा आणल्या जातात किंवा देखरेखीखाली काही काळ वाट पाहिली जाते. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ५,०४१ स्त्रियांच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात ऑक्सिटोसिनने लवकर कळा आणल्यास मातेतील संसर्ग कमी होतो आणि सिझेरियनचे प्रमाण वाढत नाही, असे दिसून आले.

३४ आठवड्यांपूर्वी संसर्ग वा अन्य धोका नसल्यास स्त्रीला रुग्णालयात ठेवून गर्भारपण लांबवले जाते. संसर्ग टाळण्यासाठी प्रतिजैविके, तर गर्भाची फुप्फुसे लवकर परिपक्व होण्यासाठी स्टिरॉइडची इंजेक्शने देतात. स्टिरॉइडचा हा उपयोग लिगिन्स व हॉवी यांनी १९७२ मध्ये न्यूझीलंडमध्ये दाखवून दिला. भारत सरकारच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार २४ ते ३४ आठवड्यांत मुदतपूर्व प्रसूतीची शक्यता असल्यास डेक्सामेथासोनच्या ६ मिलिग्रॅमच्या चार मात्रा १२ तासांच्या अंतराने दिल्या जातात. मोठ्या रुग्णालयात पाठवण्यापूर्वी पहिली मात्रा आरोग्यसेविकाही देऊ शकते. संसर्ग झाल्याचे दिसल्यास मात्र आठवडे कितीही असले तरी प्रसूती करावी लागते.

नाशिक जिल्ह्यातील सेवा

नाशिक जिल्ह्यात १५ तालुके असून सुरगाणा, पेठ व त्र्यंबकेश्वर हे डोंगराळ, आदिवासीबहुल तालुके शहरापासून दूर आहेत. येथे पहिला संपर्क बहुधा आशा कार्यकर्ती, उपकेंद्र किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राशी येतो. मुदतपूर्व गळतीत बाळाला नवजात अतिदक्षता विभागाची गरज लागू शकत असल्याने अशा रुग्णांना नाशिक येथील जिल्हा रुग्णालयासारख्या मोठ्या केंद्रात पाठवले जाते. प्रवासात वेळ जात असल्याने कळांची वाट न पाहता निघणे येथे विशेष महत्त्वाचे ठरते.

गरोदर स्त्रियांच्या वाहतुकीसाठी १०२, तर आपत्कालीन रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक आहे. २०११ मध्ये सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमांतर्गत सरकारी रुग्णालयात तपासणी, औषधे, प्रसूती, सिझेरियन व वाहतूक विनामूल्य मिळते. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी दर महिन्याच्या ९ तारखेला होते. ती नियमित तपासणी असून गळतीच्या संशयात त्या दिवसाची प्रतीक्षा करणे योग्य नसते.