राजभवनाचा अहवाल आणि हुबळीचे बोम्मई

राज्यपाल आणि मुख्यमंत्री यांचे कुठेही वाजले की वकिलांपासून वार्ताहरांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी 'बोम्मई निकाल' येतो. ज्यांच्या नावाने हा निकाल ओळखला जातो, ते सोमप्पा रायप्पा बोम्मई हुबळीचे वकील, हुबळी ग्रामीणचे आमदार आणि जेमतेम आठ महिने कर्नाटकाचे मुख्यमंत्री. ज्या अधिकारापायी त्यांची खुर्ची गेली, त्याचे मूळ शोधायचे तर हुबळीचा धारवाड जिल्हा मुंबई इलाख्यात होता त्या काळात जावे लागते.

1935 च्या कायद्याने प्रांतांना स्वायत्तता दिली, पण किल्ली गव्हर्नरकडेच ठेवली. काही विषयांत त्याला मंत्र्यांचा सल्ला घ्यायचीही गरज नव्हती. 1937 च्या निवडणुकीत मुंबई प्रांतात सर्वांत मोठा पक्ष ठरूनही काँग्रेस सत्तेवर बसेना, ती याच कारणासाठी. गव्हर्नर ऊठसूट विशेषाधिकार वापरणार नाही, असे आश्वासन तिला हवे होते. तोवर साताऱ्याचे धनजीशा कूपर यांचे औट घटकेचे मंत्रिमंडळ आले आणि जुलैत बाळासाहेब खेर मुख्यमंत्री झाले. तेव्हा त्या पदाला पंतप्रधान म्हणत.

त्याच कायद्यात कलम 93 होते. प्रांताचा कारभार कायद्यानुसार चालणे शक्य नाही असे गव्हर्नरला वाटले, तर गव्हर्नर जनरलच्या संमतीने तो सगळी सत्ता आपल्या हाती घेऊ शकत असे. भारताला न विचारता युद्धात ओढल्याच्या निषेधार्थ नोव्हेंबर 1939 मध्ये खेर मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि गव्हर्नर सर रॉजर लम्ली यांनी हेच कलम लागू केले. पुढे 1946 पर्यंत पुण्यापासून धारवाडपर्यंतचा कारभार गव्हर्नर आणि त्याचे सनदी सल्लागार यांनी हाकला. बेचाळीसची चळवळ मोडून काढली ती याच राजवटीने. त्या काळी धारवाड जिल्ह्यात असलेल्या होसरित्तीला 1 एप्रिल 1943 रोजी मैलार महादेवप्पा गोळीला बळी पडले, तेव्हा जाब विचारायला मुंबईत लोकांनी निवडून दिलेले सरकारच नव्हते.

एवढे सोसूनही घटना समितीने हे कलम टाकून दिले नाही. 1947 मध्ये राज्यपाल थेट लोकांनी निवडावा असे ठरले होते. मसुद्याच्या 188 व्या कलमात त्याला आणीबाणीच्या प्रसंगी दोन आठवड्यांपुरता कारभार हाती घेण्याची मुभाही होती. मे 1949 मध्ये निवडणुकीची कल्पना मागे पडली आणि राष्ट्रपतींनी नेमलेला राज्यपाल आला. मग ऑगस्टमध्ये 188 वे कलमही गेले. आता राज्यपालाने फक्त अहवाल पाठवायचा, घोषणा राष्ट्रपतींनी करायची. हेच आजचे कलम 356. बाबासाहेब आंबेडकरांनी सभागृहात आशा व्यक्त केली होती की ही तरतूद कधी वापरावीच लागणार नाही, कागदावरच राहील.

ती आशा दोन वर्षेही टिकली नाही. जून 1951 मध्ये पंजाबात हे कलम पहिल्यांदा वापरले गेले आणि पुढे त्याची चटकच लागली. 1956 मध्ये धारवाड म्हैसूर राज्यात गेले, पण कलम सगळीकडे एकच होते. 1977 च्या अखेरीस केंद्रातल्या जनता सरकारने कर्नाटकात देवराज अरस यांचे सरकार घालवले. 1980 च्या फेब्रुवारीत इंदिरा गांधींनी नऊ राज्ये साफ केली, त्यांत महाराष्ट्रातले शरद पवारांचे पुलोद सरकारही होते. दिल्लीत कोणीही असो, हत्यार तेच.

बोम्मईंची पाळी एप्रिल 1989 मध्ये आली. रामकृष्ण हेगडे फोन चोरून ऐकल्याच्या प्रकरणात पायउतार झाल्यावर ते मुख्यमंत्री झाले होते. 15 एप्रिलला त्यांनी 13 जणांना घेऊन मंत्रिमंडळ वाढवले. दोनच दिवसांनी के. आर. मोलकेरी हा आमदार फुटला आणि 19 आमदारांच्या पाठिंबा काढल्याच्या पत्रांची चळत घेऊन राजभवनात गेला. राज्यपाल पी. वेंकटसुब्बय्या यांनी 19 तारखेला राष्ट्रपतींना अहवाल धाडला. दुसऱ्याच दिवशी सात आमदारांनी कळवले की आमच्या सह्या फसवून घेतल्या, आम्ही सरकारसोबतच आहोत. मुख्यमंत्री स्वतः जाऊन सांगून आले की 27 तारखेला अधिवेशन ठेवले आहे, हवे तर त्याआधी घेतो, सभागृहातच मोजणी होऊ द्या. राज्यपालांनी ते ऐकून दुसरा अहवाल पाठवला, सूर तोच. 21 एप्रिलला सरकार बरखास्त झाले आणि विधानसभाही विसर्जित झाली.

बोम्मईंमधला वकील जागा होता. त्यांनी उच्च न्यायालय गाठले, तिथे हरल्यावर सर्वोच्च न्यायालय. 11 मार्च 1994 रोजी नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने निकाल दिला. तोवर हे कलम नव्वदहून अधिक वेळा वापरून झाले होते. पीठावर आपले न्या. पी. बी. सावंतही होते. निकालाने सांगितले: बहुमत आहे की नाही हे राजभवनात ठरत नाही, सभागृहात ठरते. राष्ट्रपतींच्या घोषणेमागे काय आधार होता हे न्यायालय तपासू शकते. संसदेने घोषणा मान्य करेपर्यंत विधानसभा विसर्जित करता येत नाही. कर्नाटकातली बरखास्ती घटनाबाह्य ठरली.

बोम्मईंच्या हाती मात्र काहीच पडले नाही. 1989 च्या अखेरीस निवडणूक होऊन काँग्रेसचे सरकार केव्हाच आले होते. महाराष्ट्राने हीच कहाणी पुन्हा पाहिली. जून 2022 मध्ये राज्यपाल कोश्यारींनी बहुमत चाचणी बोलावणे समर्थनीय नव्हते, असे सर्वोच्च न्यायालयाने मे 2023 मध्ये म्हटले, पण उद्धव ठाकरेंनी चाचणीला सामोरे न जाताच राजीनामा दिल्याने त्यांचे सरकार परत आणता येणार नाही, असेही सांगितले.

बोम्मई निकालाने राज्यपालाच्या हातून डोकी मोजण्याचे काम काढून घेतले, घड्याळ मात्र त्याच्याकडेच राहिले. म्हणून आताचे भांडण वेळेचे आहे. मे 2018 मध्ये कर्नाटकाचे राज्यपाल वजुभाई वाला यांनी येडियुरप्पांना बहुमतासाठी 15 दिवस दिले होते. न्यायालयाने दुसऱ्याच दिवशी चाचणी घ्यायला लावली आणि येडियुरप्पा मतदानाआधीच राजीनामा देऊन मोकळे झाले. विधेयकांवर राज्यपालांनी सही किती काळ अडवावी, यावर एप्रिल 2025 मध्ये तामिळनाडूच्या खटल्यात न्यायालयाने मुदत घातली, तर नोव्हेंबरमध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राष्ट्रपतींच्या विचारणेवर मत दिले की अशी ठरावीक मुदत घालता येत नाही, मात्र विधेयक अनंत काळ दाबूनही ठेवता येत नाही. कलम 93 चा गव्हर्नर सत्ता उघडपणे हातात घेत असे. आजच्या राज्यपालाला तेवढेही करावे लागत नाही, नुसते थांबले तरी पुरते.