चुना गेला, बुरशी लपली

निवृत्तीनंतर मी जबलपूरजवळ बरगीला राहतो. 1798 पासून हा नर्मदाकाठ नागपूरकर भोसल्यांकडे होता. 1817-18 मध्ये इंग्रज आले, पुढे जबलपुरात छावणी वसली. राज्यं बदलली, भिंतीला चुना मात्र लागतच राहिला. शेजारच्या कटनीचा चुना तर आजही प्रसिद्ध आहे.

चुना अल्कधर्मी. ताज्या चुन्यावर बुरशी सहसा धरत नाही, आणि भिंतीतली ओलही त्यातून बाहेर पडते. म्हणूनच पावसाळा सरला की दिवाळीआधी घराला चुन्याचा हात देत.

मग सिमेंट आणि ऑइल पेंट आले. भिंत गुळगुळीत झाली, पण ओल आतच कोंडली. बुरशी आता समोर दिसत नाही. कपाटामागे, गादीखाली, रंगाच्या पोपड्याआड वाढते. घरात दमेकरी असेल, तर त्याचा त्रास ती वाढवते.

फौजेत एक शिकवण असते: शत्रू लपू शकतो, तिथे आधी पाहा. कपाट बाहेरच्या भिंतीपासून वीतभर सरकवा. गळती पावसाआधीच बुजवा. कोरडं ऊन पडलं की खिडक्या उघडा. आणि काळ्या डागावर नुसता रंग फासू नका. ओल कुठून येते, ते आधी शोधा.