बग कोणाच्या नावावर टाकायचा?

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना एक खोड असते. काही बिघडलं की बग नोंदवायचा आणि मग तो कोणाच्या नावावर टाकायचा यावर तासभर भांडायचं. मंडळी, एआयच्या धोक्यांचं वर्गीकरणही असंच करता येतं बरं का!

२०२३ साली अँड्र्यू क्रिच आणि स्टुअर्ट रसेल यांनी समाजाला असलेल्या अशा धोक्यांचे सहा खण पाडले. खण पाडताना त्यांनी विचारलं: हे कोणाच्या हातून घडलं? ते सगळे एक होते का? मुद्दाम केलं का? शेवटचे दोन खण सरळ आहेत: गुन्हेगारांनी केलेलं हत्यार आणि सरकारांनी केलेलं हत्यार. खरी गंमत बाकीच्यांत आहे. म्हणून तीन जुन्या गोष्टी त्यांत टाकून बघितल्या. तिन्हींत आजचा एआय नाही, पण साचा तोच.

१९८८. रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने इंटरनेटवर एक वर्म सोडला. एकाच मशीनमध्ये तो पुन्हा पुन्हा शिरत राहिला आणि अंदाजे ६,००० मशीन्स आडव्या झाल्या. खण: अपेक्षेपेक्षा मोठं.

ऑस्ट्रेलियातलं रोबोडेट. लोकांचं वर्षाचं उत्पन्न २६ पंधरवड्यांत सारखं वाटून, 'तुम्ही भत्ता जास्त घेतलात' अशा नोटिसा २०१६ पासून धडाधड निघाल्या. ज्याला कधी काम मिळतं, कधी नाही, तो अडकला. हे कायद्यात बसणार नाही असा सल्ला खात्यातूनच २०१४ साली मिळाला होता. खण: कळूनही दुर्लक्ष.

आणि ६ मे २०१०. अमेरिकन शेअरबाजारात डाउ काही मिनिटांत शेकडो अंकांनी कोसळला, त्या दिवसाची घसरण एका क्षणी जवळजवळ १,००० अंकांवर पोचली, आणि तो बराचसा लगेच सावरलाही. चौकशीत एका मोठ्या स्वयंचलित विक्रीवर बोट ठेवलं गेलं. पुढे लंडनचा एक ट्रेडरही पकडला गेला. पण बाजार खाली ओढणारे बाकीचे असंख्य प्रोग्रॅम आपापले नियम चोख पाळत होते. खण पहिला: जबाबदारी सगळ्यांत वाटली गेली, म्हणजे कोणाचीच उरली नाही.

मला भीती याच खणाची वाटते. हत्यार करणारा निदान सापडू तरी शकतो. इथे सगळेच 'माझं काम मी केलं' म्हणणार, आणि ते खोटंही नसणार.

असो. परवा शुक्रवारी घरी जायच्या घाईत एका सहकाऱ्याच्या बदलाला मी न वाचताच 'ओके' दिला. कोणाला कर्ज नाकारायचं हे ठरवणाऱ्या मॉडेलमधला बदल होता. त्याला वाटलं मी वाचला, मला वाटलं त्याने तपासला असेल.

सोमवारी पहिलं काम, तो वाचणे.