‘निःसृष्टान्त्रपुरीष’ : सुश्रुतांतील एक समास व अन्नमार्गाचें शारीर

वैद्यकाची जुनी पोथी हातीं आली म्हणजे संस्कृतज्ञास शब्द कळतो, पण पदार्थ दिसत नाहीं. डॉक्टरास पदार्थ दिसतो, पण शब्द परका वाटतो. या दोहोंच्या मधल्या जागेंत सुश्रुतसंहितेंतील एक समास अडकून पडला आहे. त्याचा विचार प्रस्तुत टिपणांत करावयाचा आहे.

निमित्त मात्र घरगुती आहे. कांहीं वर्षांपूर्वीं पोटाच्या तक्रारीमुळें नागपुरास माझी बेरियम पाजून क्ष-किरणांनीं तपासणी झाली. रात्रभर उपाशी ठेवून सकाळीं खडू कालवल्यासारखें पांढरें, दाट पेय दिलें. प्रथम उभें करून व मग फळीवर निजवून चित्रें घेतलीं. उभ्या चित्रांत माझें जठर आंकड्यासारखें लोंबत होतें व त्याची खालची कड बेंबीच्याही खालीं गेलेली होती. निजल्यावर तेंच जठर वर सरकलें. घरीं येऊन मीं चरक उघडला. विमानस्थानाच्या २ ऱ्या अध्यायांत आमाशयाचें स्थान नाभि व स्तन यांच्या मध्यें सांगितलें आहे. निजलेल्या देहास हें लक्षण लागूं पडतें, उभ्या देहास सर्वदा लागूं पडत नाहीं. मग ज्यांनीं तें ठरविलें त्यांनीं कोणता देह पाहिला होता? या प्रश्नानें मला सुश्रुताकडे नेलें.

सुश्रुताच्या शारीरस्थानांत, ५ व्या अध्यायाच्या अखेरीस, शवपरीक्षेचा विधि आहे. विषानें न मेलेलें, दीर्घ रोगानें न झिजलेलें, शंभर वर्षांचें नसलेलें, सर्व अवयव शाबूत असलेलें असें शव घ्यावें. मुंज, वल्कल, कुश, ताग यांपैकीं कशानें तरी गुंडाळून, पिंजऱ्यांत घालून नदींत आडजागीं कुजूं द्यावें. सात रात्रींनंतर काढून वाळा, केस, वेळू इत्यादिकांच्या कुंचल्यानें हळूहळू घांसावें आणि त्वचेपासून आंतील सर्व अंगप्रत्यंगें डोळ्यांनीं पाहावीं, असा त्याचा आशय. या शवास जीं विशेषणें दिलीं आहेत, त्यांतच ‘निःसृष्टान्त्रपुरीष’ हें एक आहे.

समास बहुव्रीहि आहे, यांत वाद नाहीं. वाद आहे तो त्याच्या पोटांतील समासाचा. ‘अन्त्र’ आणि ‘पुरीष’ असा द्वंद्व घेतल्यास आंतडीं व मळ हीं दोन्हीं काढून टाकलेलें शव असा अर्थ होतो. ‘अन्त्रांतील पुरीष’ असा तत्पुरुष घेतल्यास आंतड्यांतील मळ तेवढा काढलेला व आंतडीं जागच्या जागीं असलेलें शव, असा होतो. व्याकरणास दोन्ही मान्य. शारीराच्या दृष्टीनें मात्र अंतर मोठें. पहिल्या अर्थीं अन्नमार्गाचा मोठा भाग परीक्षेपूर्वींच देहाबाहेर गेला. दुसऱ्या अर्थीं तो पाहावयास उरला.

तत्पुरुषाच्या बाजूनें एक बळकट मुद्दा आहे. सृज् धातु वैद्यकग्रंथांत मलोत्सर्गाशीं नित्य जोडलेला आढळतो. ‘सृष्टविण्मूत्र’ हें विशेषण वैद्यांच्या परिचयाचें आहे. तेव्हां ‘निःसृष्ट’ हें पद आंतड्यांपेक्षां मळासच अधिक शोभतें. शिवाय पुढें आंतील सर्व अंगें पाहावीं असें म्हटलें असतां, आंतडीं अगोदरच फेंकून दिलीं असें मानणें विसंगत दिसतें.

द्वंद्वाच्या बाजूनें दोन मुद्दे आहेत. एक व्यवहाराचा : पाण्यांत शव ठेवलें असतां प्रथम पोट फुगतें व आंतडीं लौकर सडतात; बाकीचें शरीर पाहावयाचें तर तीं काढणेंच सोयीचें. दुसरा मुद्दा त्याच अध्यायांत आहे आणि माझ्या मतें तो अधिक महत्त्वाचा आहे. पुरुषांचीं आंतडीं साडेतीन व्याम व स्त्रियांचीं त्याहून अर्धा व्याम कमी, असें तेथें माप दिलें आहे. व्याम म्हणजे दोन्ही हात पसरले असतां होणारें अंतर. तें बहुधा मनुष्याच्या उंचीइतकें असतें. साडेपांच फूट धरल्यास साडेतीन व्याम म्हणजे सुमारें १९ फूट. आजच्या शारीरग्रंथांत शवांतील लहान आंतड्याची लांबी सामान्यतः २० ते २२ फूट दिलेली असते. हें साम्य केवळ योगायोगाचें म्हणतां येत नाहीं. वेटोळीं घातलेलीं आंतडीं जागच्या जागीं मोजतां येत नाहींत. तीं बाहेर काढून, उलगडून, सरळ करावीं लागतात. शिवाय सजीवांत स्नायूंच्या ताणामुळें आंतडें आखडलेलें असतें. गिळविलेल्या नळीनें मोजलेली लांबी शवांतील लांबीहून पुष्कळच कमी भरते. म्हणजे सुश्रुतांतील माप हें सैल पडलेल्या, मेलेल्या आंतड्याचें माप आहे.

तेव्हां समासाचा निर्णय कसाही लागो, कोणीतरी, केव्हांतरी, आंतडीं हातांत घेतलीं होतीं एवढें निश्चित. शब्दाचा कल तत्पुरुषाकडे आणि मापाचा पुरावा द्वंद्वाकडे झुकतो. मळ पिळून काढावयाचा तरी पोट उघडून आंतडीं हाताळावीं लागतात, हें ध्यानीं घेतल्यास दोन्ही पक्षांतील अंतर बरेंच कमी होतें. मी स्वतः तत्पुरुषाकडे झुकतों, पण आग्रह धरीत नाहीं.

मेलेल्या देहास जें सांगतां येत नाहीं, तें पाहण्याचें साधन फार उशिरां आलें. ८ नोव्हेंबर १८९५ रोजीं रंटगेन यास व्युर्झबुर्ग येथें क्ष-किरण सांपडले. परंतु त्यांत हाडें दिसत, जठरासारखा मऊ अवयव भोंवतालच्या मांसांत मिसळून जाई. १८९६ च्या अखेरीस अमेरिकेंत हार्वर्ड येथें वॉल्टर कॅनन या विद्यार्थ्यानें प्राण्यांस बिस्मथ मिसळलेलें अन्न चारून त्यांचें गिळणें व पुढें जठराच्या लाटा पडद्यावर पाहिल्या. १८९८ मध्यें त्याचा जठरगतीवरील निबंध प्रसिद्ध झाला. १९०४ मध्यें म्युनिक येथें रीडर यानें मनुष्यास बिस्मथयुक्त अन्न देण्याची रीत घालून दिली. तो क्षार मोठ्या मात्रेंत विषारी ठरला, तेव्हां १९१० पासून बेरियम सल्फेट पुढें आलें. बेरियमचे विरघळणारे क्षार विषच. पण हा पाण्यांत विरघळत नाहीं, म्हणून देहांत न भिनतां निघून जातो व किरण अडवून पोकळीची छाया तेवढी दाखवितो. त्या छायेंत घास अन्ननलिकेंतून थोड्या सेकंदांत उतरतो, जठरावर मिनिटास सुमारें तीन लाटा येतात, आणि आंतड्याचा पहिला भाग स्वादुपिंडाच्या डोक्याभोंवतीं वळसा घेतो.

येथें सावध राहिलें पाहिजे. चरकानें अन्नवह स्रोतसांचें मूळ आमाशय व डावी कूस असें सांगितलें. बेरियमच्या चित्रांतही जठराचा वरचा भाग डावीकडेच दिसतो. अन्न कोष्ठांत ओढून नेणें हें प्राणवायूचें कर्म असेंही तो म्हणतो. आणि घास केवळ वजनानें पडत नाहीं, स्नायूंच्या लाटेनें ढकलला जातो, हें आज सिद्ध आहे. पण म्हणून आपल्या पूर्वजांस क्ष-किरण ठाऊक होते असें म्हणणारांनीं त्यांचा गौरव केला नाहीं. त्यांनीं ज्या कष्टानें पाहिलें, तो कष्टच पुसून टाकला. आमाशय म्हणजे आम अन्नाचें स्थान, ग्रहणी म्हणजे धरून ठेवणारी. हीं नांवें कर्मावरून पडलेलीं आहेत, आकारावरून नव्हेत. त्यांवर आजच्या नकाशांतील रेषा जशाच्या तशा बसवूं नयेत.

पोथी आणि शव यांची भेट पूर्वीं घडलेली आहे. कलकत्त्यास १८३५–३६ मध्यें सुश्रुत छापून काढणारे मधुसूदन गुप्त यांनींच १८३६ मध्यें तेथील वैद्यकविद्यालयांत शवच्छेदन केलें. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजांतून १८५१ मध्यें बाहेर पडलेले डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं तर रोगी तपासतां तपासतां शिलालेख व हस्तलिखितें यांचाही ध्यास घेतला. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्रि यानें अष्टांगहृदयावर टीका लिहिली, हें तर आपल्या वाचकांस ठाऊकच आहे.

तरीही दप्तर हातीं आलें कीं आपण बखर, पत्रें, सनदा निवडतों आणि वैद्यकाचीं बाडें बाजूस टाकतों. संग्राहकांस माझी विनंति इतकीच : आपल्याकडे सुश्रुताच्या शारीरस्थानाची पोथी असेल तर ५ व्या अध्यायाचें अखेरचें पान काढून पाहावें. त्या समासाचें लेखन, कोठें पाठभेद असल्यास तो पाठभेद, आणि समासावर एखाद्या वैद्यानें समासांत केलेली टीप, यांची नक्कल करून ठेवावी. छापील प्रतींवरून मिळतें तें मीं वर मांडलें आहे. यापुढचा निकाल लागावयाचा तो हस्तलिखितांवरूनच लागेल.

करडी, जि. भंडारा