उटनूरचं व्हिएन्नाशी नातं

भारत आणि ऑस्ट्रिया यांच्या राजनैतिक संबंधांना 2024 साली 75 वर्षं झाली. इंदिराजी 1983 मध्ये व्हिएन्नाला गेल्या होत्या. त्यानंतर 41 वर्षांनी भारताचे पंतप्रधान तिथं गेले, म्हणून वर्तमानपत्रांत बरंच छापून आलं. नेहरूंच्या 1955 च्या भेटीचीही आठवण निघाली. उटनूरचं नाव मात्र माझ्या वाचनात कुठं आलं नाही. 1949 मध्ये दोन सरकारांनी कागदावर नातं जोडलं, पण त्याच्या आधीच ते आदिलाबादच्या जंगलात जुळलेलं होतं.

ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ. जिभेला जडच नाव आहे, आपण नुसतं हायमेनडॉर्फ म्हणू. जन्म व्हिएन्नाचा, 1909 चा. 1938 मध्ये हिटलरनं ऑस्ट्रिया गिळला आणि या माणसाचा देशच नकाशावरून गेला. त्याच वर्षी त्यानं बेटी या इंग्रज मुलीशी लग्न केलं. पुढच्या वर्षी नवराबायको हिंदुस्थानात आले आणि महायुद्ध पेटलं. हातात पासपोर्ट जर्मन, म्हणजे इंग्रज सरकारच्या लेखी तो शत्रू. त्याला निजामाच्या राज्यात राहण्याची मुभा मिळाली, पण बाहेर जायची नाही. नजरकैदच ती. तेवढ्या मुलखात तो चेंचू, कोंडा रेड्डी आणि मग आपल्या भागातल्या गोंडांकडे पोचला.

इकडे 1940 मध्ये जोडेघाटला कुमराम भीम पोलिसांच्या गोळीला बळी पडला होता. जंगलखात्यानं हद्दी आखल्या, पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या जमिनींवरून गोंडांना हुसकावलं, त्यातून ते बंड पेटलं होतं. गोंड असे का उठले, हे सरकारला समजून घ्यायचं होतं. त्यासाठी ज्याला परका, शत्रू मानलं त्यालाच विचारावं लागलं! हायमेनडॉर्फ तेव्हाच्या उटनूर तालुक्यातल्या मारलवाईत झोपडी बांधून राहिला. हे गाव आज जैनूर मंडलात आहे. (जैनूर नावावरून आपलं काही निघतं का, असं मला पुष्कळ जणींनी विचारलंय. नुसत्या नावावर इतिहास उभा करू नये, एवढंच माझं उत्तर.)

1943 मध्ये मारलवाईला गोंड शिक्षकांचं प्रशिक्षण केंद्र निघालं. गोंडीतली पहिली पुस्तकं छापली ती देवनागरीत. निजामाच्या राज्यात, जिथं कचेरी उर्दूत चाले, तिथं गोंडाचं पोर आपल्या घरची भाषा बाळबोध अक्षरांत वाचू लागलं. पुढं आदिलाबादला काम केलेले सेतुमाधवराव पगडी, आपण ज्यांना शिवकालाचे इतिहासकार म्हणून ओळखतो, तेही गोंडी शिकले आणि गोंडांवर पुस्तक लिहून गेले. मराठी वाचकांनी ही बाजूही लक्षात ठेवावी.

पण शाळेपेक्षा मोठं काम जमिनीचं होतं. गोंड जमीन कसत होता, पण त्याच्याजवळ पट्टा नव्हता. ज्याच्याजवळ कागद, जमीन त्याची. बाहेरून आलेल्या शहाण्या माणसांनी कचेरीत कागद केले आणि गोंड आपल्याच शेतावर मजूर झाला. 1949 पर्यंत सुमारे 1 लाख 60 हजार एकरांचे पट्टे आदिवासींच्या नावे झाले. जमीन त्यांच्या हातून जाऊ नये म्हणून कायदाही आला.

इथं थोडं थांबायला हवं. ती शहाणी माणसं कोण होती? अधिकारी, वतनदार, दूरदूरचे शेतकरी, आणि व्यापारी, सावकारही. आपल्या समाजातल्या बैठकीत पूर्वजांनी जंगलात जाऊन दुकानं थाटली, कष्टानं पेढ्या वाढवल्या, हे कौतुकानं सांगतात. कष्ट खरेच होते. पण मीठ-कापड उधार देऊन खळ्यावरच कापूस आणि ज्वारी मोजून घ्यायची, ही रीतही तितकीच खरी होती. दर पर्युषणात आपण परिग्रहाचं परिमाण ऐकतो. ते ऐकताना गोंडाच्या पट्ट्याची गोष्ट कुणी काढत नाही, म्हणून मी काढते.

केसलापूरला पौष अमावस्येला नागोबाची जत्रा भरते. मेसराम कुळाचा तो देव. जत्रेत दरबार भरवायचा, अधिकाऱ्यांनी गोंडांपुढं बसून तक्रारी ऐकायच्या, ही पद्धत हायमेनडॉर्फनं 1940 च्या दशकात घालून दिली. ती अजून चालू आहे. राजदूत आणि मेजवान्या यांच्यापेक्षा मला हा दरबार जास्त मोलाचा वाटतो.

आणि बेटी? पुस्तकांत ती बहुतेक एका ओळीत उरकलेली सापडते: ‘सोबत पत्नी होती.’ सोबत म्हणजे काय, ते बायकांना सांगायला नको. परक्या मुलखात झोपडीत संसार करायचा, भाषा शिकायची, बायकांत बसायचं, टिपणं ठेवायची. 1979 च्या आंध्रातल्या गोंडांवरच्या पुस्तकावर नवऱ्याच्या बरोबरीनं तिचंही नाव छापलंय, तेव्हा कुठं मला बरं वाटलं.

युद्धानंतर दोघं लंडनला गेले, तो तिथल्या विद्यापीठात प्राध्यापक झाला. पण आदिलाबादला येणं सुटलं नाही. 1987 च्या जानेवारीत बेटी हैदराबादला वारली. तिला मारलवाईत पुरलं. तो 1995 मध्ये लंडनला गेला. 2012 मध्ये मुलगा त्याच्या अस्थी घेऊन आला आणि तिच्या शेजारीच त्याची समाधी झाली. बेटीच्या पुण्यतिथीला, 11 जानेवारीला, मारलवाईत गोंड बायामाणसं जमतात.