खोटा खटका

मराठीत ‘खटका’ हा शब्द मोठा सोयीचा आहे. दाराची खिट्टी बसली की खटका, विजेचं बटण दाबलं की खटका आणि मनात शंका डोकावली की काहीतरी ‘खटकलं’. कुलपं किल्लीशिवाय उघडण्याचा ज्यांना छंद आहे, त्यांचं सारं लक्ष या एका शब्दावर लागलेलं असतं. हा खटका कानापेक्षा बोटांना अधिक कळतो.

मला तो कळला तो एका फजितीतून. वाऱ्याने फ्लॅटचं दार आपटलं, लॅच लागलं, मी जिन्यात, किल्ली आत आणि गॅसवर दूध. नाक्यावरचा चावीवाला आला, दोन वाकड्या तारा काढल्या आणि दूध पूर्ण करपायच्या आत दार उघडलं. मी थक्क झालो, तसा तो म्हणाला, “साधं कुलूप आहे काका, लगेच बोलतं.”

कुलूप बोलतं! ते काय बोलतं आणि त्याला खोटं बोलायला कुणी शिकवलं, याच्या मागे लागलो तेव्हा ही कुळकथा हाती आली. खुद्द शब्दांची कुळंही गमतीची आहेत. कुलूप म्हणजे अरबी ‘कुफ्ल’, अक्षरांची उलटापालट होऊन मराठी झालेला. आणि चावी पोर्तुगीजांबरोबर आपल्या किनाऱ्यावर उतरलेली. घर आपलं, पण ते बंद करायचे शब्द बाहेरचे.

कुलपाच्या आत जी पिन असते तिचं घराणं मात्र या शब्दांहून जुनं. आजच्या इराकमधल्या खोर्साबादला असीरियाचा राजा दुसरा सार्गोन याच्या राजवाड्याच्या अवशेषांत लाकडी कुलूप सापडलं. राजवाडा इसवी सनापूर्वी आठव्या शतकातला. अडसरात भोकं, वरून त्यात पडणाऱ्या लाकडी खुंट्या, आणि किल्ली म्हणजे खुंट्या बसवलेली एक जाडजूड पट्टी. ती आत सारून वर उचलली की खुंट्या उचलल्या जात आणि अडसर मोकळा होई. अशा किल्ल्या खिशात मावणाऱ्या नव्हेत. बायबलमधल्या यशयाच्या पुस्तकात किल्ली खांद्यावर ठेवल्याचा उल्लेख आहे, तो उगीच नाही.

आपल्या लॅचमध्येही तत्त्व हेच. पितळी कवचात एक गाभा फिरतो, त्यालाच आपण किल्ली लावतो. दोघांना छेदून सहसा पाच-सहा भोकं पाडलेली असतात. प्रत्येक भोकात खाली एक पिन, तिच्यावर दुसरी आणि त्यावर स्प्रिंग. वरची पिन अर्धी गाभ्यात, अर्धी कवचात अडकलेली, म्हणून गाभा फिरत नाही. किल्लीचे दात प्रत्येक जोडीला नेमकं इतकं उचलतात की दोन पिनांमधला सांधा गाभ्याच्या सीमेवर येतो. सगळे सांधे त्या रेषेवर आले की कुलूप उघडलं.

कागदावर हे अभेद्य आहे, कारण सगळे सांधे एकदम जुळवायला हवेत. पण भोकं पाडणारं यंत्र कागदावर नसतं. एखादं भोक केसभर डावीकडे सरकतं, एखादी पिन कणभर जाड निघते. त्यामुळे गाभ्याला हलका पीळ दिला की सगळ्या पिना एकाच वेळी अडत नाहीत. आधी एकच अडते. ती उचलायची. सांधा सीमेवर आला की गाभा जाणवेल न जाणवेल इतका सरकतो, वरची पिन त्या कडेवर टेकते आणि बोटांना खटका लागतो. मग दुसरी अडते. पाच जणांच्या एकजुटीचं कोडं अशा रीतीने पाच सुट्या, सोप्या कोड्यांत फुटतं. पिनेचा दोष म्हणाल तर एवढाच की ती प्रामाणिक असते; जागेवर पोचली की लगेच सांगून टाकते.

हे बोलणं बंद करायची खटपट लंडनमध्ये सुरू झाली, तीही पिनांच्या कुलपात नव्हे. जोसेफ ब्रामाने 1784 मध्ये नव्या तऱ्हेच्या कुलपाचं पेटंट घेतलं. त्यात नळीसारखी किल्ली अनेक पट्ट्या वेगवेगळ्या खोलीपर्यंत आत ढकलत असे. पिकॅडिलीतल्या दुकानाच्या खिडकीत त्याने 18 पट्ट्यांचं कुलूप मांडलं आणि पाटी लावली: हे उघडणारं हत्यार जो करील त्याला 200 गिनी. ती पाटी साठेक वर्षं तिथे होती. बक्षीस कुणी नेलं नव्हतं, पण म्हणून कारखान्यातली माणसं निर्धास्त नव्हती. पट्ट्यांवर दाब देऊन चाचपत गेलं तर खरी खाच हाताला कळते, हे त्यांना दिसत होतं. 1817 मध्ये त्यांच्यातल्याच रसेल नावाच्या माणसाने उपाय काढला: पट्टीवर खऱ्या खाचेच्या जोडीला काही उथळ, खोट्या खाचा कोरायच्या. चाचपणाऱ्याला वाटावं, जागा सापडली. गाभा जरासा सरकावा आणि तिथेच अडून बसावा.

माझ्या लेखी या कथेतला सर्वांत मोठा क्षण हाच, 200 गिनींची पाटी नव्हे. तोवर कुलूप बळकट करायचं म्हणजे धातू जाड करायचा, पट्ट्या वाढवायच्या. रसेलने काहीच वाढवलं नाही. त्याने कुलपाला थाप मारायला शिकवलं.

पुढच्याच वर्षी, 1818 मध्ये, जेरेमाया चबने वेगळी शक्कल लढवली. पोर्ट्समथच्या गोदीत चोरी झाल्यावर सरकारने चोराला दाद न देणाऱ्या कुलपासाठी 100 पौंडांचं बक्षीस लावलं होतं. चबच्या कुलपात लिव्हर, म्हणजे किल्लीने उचललं जाणारं पान, प्रमाणाबाहेर उचलला गेला की सगळं जाम होई आणि पुढच्या वेळी किल्ली लावताना मालकाला कळे, कुणीतरी हात घालून गेलंय. जहाजावरच्या तुरुंगातला एक कैदी पेशाने कुलूपवाला होता. उघडलंस तर सुटका, असं त्याला सांगितलं. दोन-तीन महिने झटून त्याने हात टेकले.

मग 1851 चं लंडनचं महाप्रदर्शन आलं आणि त्यासोबत आल्फ्रेड चार्ल्स हॉब्ज हा अमेरिकन. वेस्टमिन्स्टरमधल्या एका घरात साक्षीदारांसमोर त्याने चबचं कुलूप 25 मिनिटांत उघडलं आणि वर 7 मिनिटांत पुन्हा लावूनही दाखवलं. चोराची चुगली करायला ठेवलेल्या त्या चुगलखोर लिव्हरनेच कुठलं पान जास्त उचललं गेलं ते हॉब्जला सांगितलं, अशी हकिकत आहे. नंतर पिकॅडिलीचं कुलूप: 16 दिवसांत मिळून 51 तास, आणि 200 गिनी हॉब्जच्या खिशात. इंग्रजी वर्तमानपत्रांत गहजब झाला. गंमत म्हणजे हॉब्ज ज्या कंपनीचं कुलूप विकायला आला होता, तेही पुढच्या काही वर्षांत लायनस येल धाकटा याने उघडलं. हा येल आधी व्यक्तिचित्रं रंगवत असे. वडिलांनी 1848 मध्ये पिनांच्या कुलपाचं पेटंट घेतलं होतं. मुलाने 1861 आणि 1865 च्या पेटंटांतून त्याला आजचं रूप दिलं. लहानसा गाभा, छोटी चपटी किल्ली.

खुंट्या अशा धातूच्या होऊन परतल्या आणि त्यांच्यासोबत त्यांचा जुना प्रामाणिकपणाही परतला. तेव्हा रसेलची युक्ती आता पिनेवर आली. वरची पिन लेथवर धरायची आणि मधोमध कंबर काढायची, की झाला डमरू. इंग्रजीत तिला रिळाची उपमा देतात. मला डमरूच दिसतो. तिची एक बहीण अळंबीच्या आकाराची, दुसरी अंगभर बारीक खाचांची, दातेरी. डमरू वर ढकलताना कंबर सीमेवर आली की गाभा एकदम चांगला काही अंश फिरतो. नवशिका हरखतो, आता उघडलंच! आणि सगळं तिथेच थिजतं, कारण डमरूची खालची कड अजून गाभ्यात अडकलेली असते. दातेरी पिन तर एकामागून एक खटके देते. त्यातला खरा कुठला ते ओळखा.

पण खोटं बोलणाऱ्याचीही एक लकब असते. साधी पिन गाभ्याला इतकं फिरू देतच नाही, म्हणजे फिरून अडला की आत डमरू आहे हे कळलंच. आता प्रत्येक पिन हलकेच दाबून पाहायची. जिच्यावर दाब देताच गाभा उलटा, मागे फिरू लागतो, तीच ती. पीळ थोडा सैल करायचा, गाभ्याला मागे येऊ द्यायचं आणि डमरूची कड सीमेपार न्यायची. या गडबडीत बसलेल्या पिना पडतात आणि शिव्या हासडून पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. 

हे सगळं उघड बोलावं का, हा प्रश्नही जुना. हॉब्जची माहिती वापरून चार्ल्स टॉमलिन्सनने 1853 मध्ये कुलपांवर जे पुस्तक संपादित केलं, त्यात त्याचा समाचार आहेच: चोरांना हे आधीच ठाऊक असतं, ठाऊक नसतं ते गिऱ्हाइकाला. 1991 मध्ये एमआयटीच्या नावाने एक पुस्तिका हातोहात फिरू लागली, लेखकाचं टोपणनाव ‘टेड द टूल’. 1997 मध्ये हॅम्बुर्गला कुलूपप्रेमींनी चक्क क्रीडामंडळ काढलं, स्पर्धा भरवल्या. मग नेदरलँड्समध्ये ‘टूल’ ही संस्था. मंडळींचे नियम दोनच: जे कुलूप आपलं नाही त्याला परवानगीशिवाय हात लावायचा नाही, आणि जे वापरात आहे त्याला, ते आपलं असलं तरी, नाही. दुसरा नियम मी एकदा मोडला. तारेचं टोक कपाटाच्या कुलपात तुटलं आणि त्याच चावीवाल्याला पुन्हा बोलवावं लागलं. तो हसला नाही, पण पैसे दुप्पट घेतले.

सध्या टेबलावर एक सुटं लॅच आहे. पाचपैकी तीन पिना डमरू. गेले आठ दिवस गाभा तेवढाच फिरतो आणि थांबतो. मध्येच कंटाळा आला की मी त्याची किल्ली घालतो. किल्ली पीळ न देता सरळ आत जाते, सगळ्या पिनांना आधी आपापल्या जागी उचलते आणि मगच फिरते. त्यामुळे तिच्या वाटेत डमरूची कंबर कधी अडतच नाही. लॅच उघडतं. मी ते पुन्हा लावतो आणि तार उचलतो.